तळहाताएवढा पोचा आणि अख्खी गाडी टोटल लॉस

मी मोटार सर्व्हेअर आहे, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासतो. वीसेक वर्षं पुण्यात आणि आसपास अपघाताच्या गाड्या बघतोय. एक क्लेम मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात एका शिक्षकांच्या इलेक्ट्रिक गाडीखाली दरडीतून सुटलेला दगड आला. धप्पकन आवाज झाला. सर उतरून बघून आले, काही दिसलं नाही, गाडी चालवत पुण्याला आणली आणि दुसऱ्या दिवशी शंका नको म्हणून वर्कशॉपला दाखवली. तिथून क्लेम माझ्याकडे आला.

गाडी रॅम्पवर चढवली. बॅटरीच्या ट्रेला तळहाताएवढा पोचा. भेग नाही, कूलंटची गळती नाही. स्कॅनर लावला तर सगळ्या सेलचे व्होल्टेज एकसारखे, इन्सुलेशन व्यवस्थित. वरून तर साधा ओरखडाही नाही. एस्टिमेट आलं ७ लाख १५ हजारांचं: ट्रे सुटा मिळत नाही, अख्खा पॅक, म्हणजे सगळी बॅटरीच बदलायची. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली किंमत, ९ लाख २० हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेली की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्त न करता विम्याचे पैसे देऊन मोकळे होतात. इथे ७५ टक्के होतात ६ लाख ९० हजार.

"साहेब, मी स्वतः चालवत आणली हो ही गाडी," सर एवढंच म्हणाले. क्लेमचे पैसे आधी बँकेकडे गेले, कारण गाडीवर कर्ज होतं. हातात उरलं त्यात पुढच्या गाडीचं डाऊन पेमेंटही निघत नव्हतं. रिपोर्टवर सही माझी आहे. नियमाप्रमाणे बरोबर आहे. पण न्याय झाला असं मला आजही वाटत नाही.

गाडीच्या कंपनीची भीती मला कळते. लिथियमच्या सेलला आतून मार लागला तर तो लगेच दिसेलच असं नाही, कधी काही दिवसांनी गाडी पेटते. 'चालेल' असं लिहून द्यायला कुणी तयार नसतं. पण मग तपासणीची पद्धत तरी जाहीर करा. पोचा किती खोल असला तर चालतो, हवेचा दाब देऊन गळती कशी बघायची, कुठल्या रीडिंगला पॅक बाद धरायचा, हे कागदावर हवं. आज ते कंपनीच्या अंतर्गत सर्क्युलरमध्ये असतं आणि गाडीच्या मालकाला कुणी दाखवत नाही.

सगळ्यात जास्त त्रास याच्या पुढच्या गोष्टीचा होतो. टोटल लॉस गाडीचा लिलाव होतो. 'उघडता येत नाही' म्हणून बाद केलेला तोच पॅक भंगारवाला उघडतो, हातात साधे रबरी मोजेही नसताना, आणि त्यातले चांगले सेल सोलरच्या बॅटरीत जाऊन बसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. मग तो पॅक भंगाराच्या गोदामात पोचतो कसा?

जीएसटीचाही मार आहेच. बॅटरीसकट नवी गाडी घेतली तर ५ टक्के. तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. म्हणजे अपघात झालेल्या माणसाने जास्त कर भरायचा. एस्टिमेट त्यामुळेही फुगतं आणि गाडी ७५ टक्क्यांच्या रेषेपलीकडे जाते.

भोसरीतले माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांचा पत्रा बघून वाटणार नाही की तो कधी ठोकला होता. आता त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आली तर परत पाठवतात. वेल्डिंग करायचं तर आधी १२ व्होल्टची तार काढा, मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबा. रंग भट्टीत सुकवायचा तर तापमानावर मर्यादा, काही गाड्यांत आधी बॅटरीच खाली उतरवा. जास्त व्होल्टेजच्या केशरी तारांना हात लावायचा तर १,००० व्होल्टचे हातमोजे हवेत. हे सगळं शिकायची त्यांची तयारी आहे. पण मॅन्युअल आणि स्कॅनरचा परवाना बाहेरच्या गॅरेजला मिळत नाही. सुटे भाग आणि उपकरणं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तेव्हा कुलूप बॉनेटला होतं, आता ते बॅटरीला आणि सॉफ्टवेअरलाही लागलंय.

थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियममध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना २०२२पासून १५ टक्के सूट आहे, चांगलंच आहे. पण वर लिहिलेला सगळा खर्च 'ओन डॅमेज'मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात येतो आणि तो दर प्रत्येक विमा कंपनी आपापला ठरवते. आपण प्रीमियमचा आकडा बघतो, आतलं वाचत नाही. जुन्या मोटार टॅरिफमध्ये 'बॅटरी'ला ५० टक्के घसारा लिहिलाय, म्हणजे क्लेममधून बॅटरीची निम्मी किंमत कापायची. तो लिहिला तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालची १२ व्होल्टची, काही हजारांची. पॉलिसीत तोच शब्द मोघम राहिला तर आता वाद काही लाखांचा होतो. म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर घ्याच, आणि त्यात ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी धरली आहे का ते लेखी मागा.

वॉरंटीच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. 'लाइफटाइम बॅटरी वॉरंटी' असली तरी ती दगड लागल्यावर कामाला येत नाही. पाण्याचंही तसंच. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी पार्किंगमध्ये घुसलं ते आठवा. बॅटरीच्या माहितीत लिहिलेलं आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. पाण्यात राहिलेली गाडी चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका. आणि उचलायची ती फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेऊन. चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करते आणि नुकसान वाढतं. घाटात क्रेनवाला घाईत असतो, तिथे आपणच ठाम राहायला लागतं.

क्लेमवर समाधान झालं नाही तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, नंतर विमा लोकपालाकडे. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

परवा सरांचा फोन आला. पुन्हा इलेक्ट्रिकच घेतायत. रोज ऐंशी किलोमीटर जाणं-येणं आहे, पेट्रोल परवडत नाही. पॉलिसीत काय काय टाकू, विचारत होते. मी म्हटलं, सर, त्याआधी शोरूमला एक विचारा: बॅटरीचा नुसता ट्रे सुटा मिळतो का, आणि केवढ्याला? त्यांनी तीन ठिकाणी विचारलं. आठवडा झाला, एकाकडूनही उत्तर आलेलं नाही.