साडेआठपर्यंत ऑलिव्ह

आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेसातला. पावणेआठ झाले की आई विचारते, "आता काय पहाटे जेवणार?" अशा संस्कारांतला मी कामानिमित्त जूनमध्ये तीन आठवडे स्पेनच्या व्हॅलेन्सियात जाऊन पडलो.

पहिल्या संध्याकाळी ठीक साडेसातला रुसाफा भागातल्या एका हॉटेलात शिरलो. बाहेर लख्ख ऊन. वेटर खुर्च्या मांडत होता. लग्नाच्या आदल्या दिवशीच आहेर घेऊन टपकलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "किचन साडेआठला." मग दया येऊन शेंगदाणे आणि ऑलिव्हची वाटी सरकवली. बिया मी बशीच्या कडेला ओळीने मांडत गेलो. सव्वीस झाल्या तेव्हा किचन उघडलं. पाएयाच्या, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध भाताच्या, माहेरात आलोय म्हणून पाएया मागितला. "रात्री?" तो म्हणाला. पाएया दुपारचा असतो. रात्री मागणं म्हणजे अभ्यंगस्नान संध्याकाळी उरकणं, हे मला नंतर कळलं.

दुपारच्या बंद शटरचं मला काही सांगू नका, मी पुण्याचा आहे. माझा घात केला तो सकाळच्या खाण्याने. दहा वाजता ऑफिसातले सगळे उठले, "अल्मुएर्सो!" हातभर पावात बटाट्याचं ऑम्लेट, पुन्हा शेंगदाणे, पुन्हा ऑलिव्ह. शेवटी क्रेमाएत: दालचिनी आणि लिंबाची साल घालून रम पेटवायची, वर कॉफी ओतायची. सकाळी साडेदहाला! ते सगळे कामाला लागले. मी तीच एक ईमेल बारापर्यंत वाचत होतो.

शेवटी एका सहकाऱ्याने उलगडा केला. शहर जवळपास लंडनच्याच रेखांशावर, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे केली, ती मागे आलीच नाहीत. उन्हाळ्यात आणखी एक तास. म्हणजे इथे सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोनला! सूर्याच्या घड्याळाने ही माणसं भर बाराला जेवतात आणि रात्री साडेनऊला बसतात ते आमच्याच साडेसातला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्या रात्री साडेनऊला बसलो, उठलो एक वाजता.

दीडला आईचा फोन. तिच्याकडे पहाटेचे पाच. "उठलास का रे?" मी फ्रँको, रेखांश, सूर्य, सगळं नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतलीस?"