३० दिवसांचं अर्धंच सांगितलंय
या आठवड्यात ॲपवर भाड्याने आलेले सिनेमे सांगताना तुम्ही 'एकदा पैसे भरा आणि ३० दिवस निवांत बघा' असं लिहिलंय, ते अर्धंच आहे. बहुतेक ॲपवर ३० दिवस फक्त सुरू करायला असतात, एकदा प्ले दाबलं की साधारण ४८ तासांत संपवावा लागतो. आमच्याकडे रावेरला केळीची गाडी भरायची असली की माणूस रात्री अर्धा तास बघून झोपतो, दुसऱ्या दिवशी लाईट नाही, तिसऱ्या दिवशी उघडलं तर परत भाडं मागतं, आईचा सिनेमा असाच अर्धा राहिला, फार हिरमुसली ती.

पूर्वी सीडीवाला भाडं घ्यायचा पण परत कधी आणायची ते तोंडावर सांगायचा. तुम्हीपण प्रत्येक सिनेमापुढे भाड्यासोबत मुदत लिहा ना.