मेडल मोडायच्या आधी त्याची कड वाचा

आज रविवार म्हणून जुन्या बाजारात गेले होते, अडकित्ता बघायला. चादरीवर कुलपं, चाव्या, बंद घड्याळं आणि त्यात एक चांदीचं मेडल. पहिल्या महायुद्धाचं. एका बाजूला इंग्रजांचा राजा पाचवा जॉर्ज, मागे घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. कड फिरवून बघितली तर बारीक अक्षरं, नंबर, सिपॉय म्हणजे शिपाई, नाव, आणि पलटण, ११७ मराठाज. विकणारा म्हणतो, ताई चांदीच्या भावात देतो. डोकंच सणकलं माझं. अरे त्या कडेवर एक अख्खा माणूस आहे!

माझे पणजोबा कोरेगाव तालुक्यातले. घरात एवढंच माहीत, त्या युद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. त्यांचंही असंच मेडल होतं, आजीने आत्याच्या लग्नात सोनाराला देऊन जोडवी करून घेतली. तीन वर्षं झाली शोधतेय, जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, सर्व्हिस नंबर काय? अहो तोच तर गेला ना जोडव्यात! बरं पलटण कुठली? तेव्हा मराठ्यांच्याच सहा, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७, आणि १९२२ मध्ये या सगळ्या पलटणींचे नंबर बदलले. सैनिकांच्या यादीत बघावं तर नाव, बापाचं नाव, गाव, तेही साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, आडनावाचा बऱ्याचदा पत्ताच नाही.

आणि त्या युद्धात मेलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर? गोऱ्या साध्या शिपायाचंही नाव कोरलंय, आपल्या सुभेदार-जमादारांचंही आहे, पण आपल्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. इतके मेले, बास.

पंजाबातल्या तीन लाखांवर सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये होती, ती आता ऑनलाईन आलीत. तिकडून माणसं जास्त गेली, मान्य. पण आपल्या सातारा-रत्नागिरीच्या पोरांची आठवण कोणी ठेवायची?

आजीवर मी आधी फार चिडायचे. आता नाही चिडत. घरात लग्न, हातात पैसा नाही, आणि सासऱ्यांनी मागे ठेवलेली चांदी तेवढीच. तिने लेकीच्याच पायात घातली ना ती.

ते मेडल मी घेऊन आले. सातारा म्हणा, कोल्हापूर म्हणा, कुणीतरी हाच नंबर शोधत असणार. तुमच्या घरी असं काही असेल तर आजच कडेचा फोटो काढा प्लीज.

आत्याला फोन केला. पायाला सूज येते म्हणून जोडवी तिने डबीत काढून ठेवलीत. सगळं ऐकून म्हणाली, थांब, चष्मा लावून बघते, आतल्या बाजूला काही अक्षर राहिलंय का.