शेक घेतलेल्या आजीचं ताट वेगळं करण्याआधी

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर कॅन्सरच्या शेकाबद्दल, म्हणजे किरणांच्या उपचाराबद्दल (रेडिएशन), हा मजकूर फिरतोय: "कॅन्सरचा शेक म्हणजे आतून भाजणं. ती उष्णता अंगात साठून काम करत राहते, दहा-पंधरा शेक झाले की पुरे. पेशंटजवळ लेकरं नेऊ नका, ताट वेगळं ठेवा. गव्हांकुराचा रस पाजा, किरणं निघून जातील."

आधी भाजण्याचं बघू. साऱ्या अंगावर एकदम ४ ग्रे (अंगात शोषलेल्या किरणांचं माप) किरणं पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसं दगावतात. पण एवढ्या मात्रेनं अंगाचं तापमान जेमतेम एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकं वाढतं. कपभर चहातून याहून जास्त ऊब पोटात जाते.

मारतं ते वेगळंच. किरणं अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. पेशीत बहुतांश पाणी; ते फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे कशालाही झोंबणारे पाण्याचे तुकडे, तयार होतात आणि डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रेमागे एका पेशीत डीएनएचा एकेरी धागा हजारेक ठिकाणी तुटतो, दोन्ही धागे एकदम चाळीसेक ठिकाणी. एकेरी तूट पेशी समोरच्या धाग्यावरून सहज सांधते. दुहेरी तुटीत चुका राहतात, आणि बहुतेक पेशी मरतात त्या लगेच नाही, पुढे विभागायला गेल्यावर. सतत विभागणाऱ्या पेशींना म्हणूनच जास्त फटका बसतो. तोंडाच्या शेकात तोंड येतं ते याच कारणानं. किरणांनी कॅन्सर होऊही शकतो आणि बराही होतो, त्याचंही मूळ इथंच: चुकीचं सांधून जगलेली पेशी धोक्याची, मेलेली नाही.

"दहा-पंधरा पुरे" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. अंगात साठून काम करणारं काही नसतं. तोंडा-घशाच्या कॅन्सरला बहुधा रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, असे एकूण ६०-७० ग्रे देतात, तेही साऱ्या अंगावर नाही, गाठीच्या भागापुरते. दोन शेकांमधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात. गाठीतल्या पेशींना ते तितकं जमत नाही. पण तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या कॅन्सरपेशी झपाट्यानं वाढू लागतात. तिथून पुढं खंडाच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ टक्क्यानं घटते. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता निघाला, मुकादमाची उचल अंगावर आहे, म्हणून बीडकडचा माणूस अर्ध्यावर शेक सोडतो; त्याची अडचण खरी आहे. त्यात या मजकुरानं त्याला "पुरे" म्हणून सांगावं, हे चीड आणणारं आहे.

लेकरं आणि ताट. बाहेरच्या मशीननं शेक घेतलेला माणूस किरणं सोडत नाही. मशीन बंद, किरणं बंद. कोबाल्टच्या मशीनमध्येही किरणं सोडणारा कोबाल्ट मशीनच्या डोक्यातच राहतो, पेशंटच्या अंगात जात नाही. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या. आजीला ढाळजेत एकटं बसवायचं काही कारण नाही. अपवाद आहे: थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात तेव्हा काही दिवस अंतर ठेवावं लागतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ८ दिवस, आणि लघवीवाटेही ते निघून जातं. तेव्हा काय पाळायचं ते दवाखाना सांगतोच.

रसानं निघून जायला मुळात आत किरणंच नसतात. उलट रॅडिकल शोषणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा शेक चालू असताना कॅन्सरपेशींनाही वाचवू शकतात, म्हणून डॉक्टर अशा गोळ्या-पावडरी टाळायला सांगतात. वरणातली हळद चालते.