झाकण

गिझर दुरुस्त करायला आलेल्या मुलाने परवा आमच्या माळ्याकडे एकवार पाहिले आणि मला विचारले, "काका, नवीन राहायला आलात का? सामान लावायचं राहिलंय अजून." या घरात आम्हाला येत्या अक्षय्य तृतीयेला बावीस वर्षे पूर्ण होतील. मी "हो" म्हणालो. व्हिजिटिंगचे साडेतीनशे रुपये घेऊन तो गेला. ते वाक्य मात्र राहिले, कारण आमच्या घरात आलेली कोणतीच गोष्ट सहसा बाहेर जात नाही.

आवराआवरीची प्रेरणा मिळावी म्हणून मी यापूर्वीही प्रयत्न केले होते. जपानच्या मारी कोंडो यांचा सल्ला असा, की प्रत्येक वस्तू हातात घ्यावी आणि ती आनंद देते का ते पाहावे. मी आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट हातात घेतली. आनंद झाला, कारण ती पाहण्याचे साधन आमच्याकडे उरले नव्हते; व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही ते काम २०१६ सालीच थांबवले आहे. पुढे तिसऱ्या अपत्यानंतर आपणही आवरणे जवळजवळ सोडून दिले, असे कोंडोबाईंनीच २०२३ मध्ये सांगून टाकल्यावर माझा अपराधभावही संपला. जपानला जे जमले नाही, ते गिझरवाल्याने केले. रविवारी सकाळी मी स्टुलावर चढलो.

चूक एवढीच झाली, की मोडीत घालायची भांडी मी रद्दीवाल्यासाठी दाराबाहेर मांडली. रद्दीवाल्याच्या आधी समोरच्या काकू आल्या, त्याही बसायला पाट घेऊन.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देण्याची जी पद्धत आहे, तिला लोक प्रेम समजतात. वस्तुतः ती भेट पुढे कोणाला देता येऊ नये म्हणून केलेली नाकेबंदी आहे. काकूंनी चष्मा लावला आणि एक तांब्या उजेडाकडे धरून वाचला, "चि. अविनाशच्या मौंजीबंधनाप्रीत्यर्थ, ७-५-८९. अविनाश कोण हो?"

"ठाऊक नाही, काकू."

"आणि त्याचा तांब्या तुम्ही मोडीत घालताय?" त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "आता चाळिशी ओलांडली असेल त्यानं. त्याला कळलं तर काय वाटेल?"

अविनाशला काय वाटेल, याचा मी खरोखरच विचार करू लागलो, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. तेवढ्यात त्यांच्या हाती पेढेघाटी डबा लागला होता.

"हा कशाला टाकता?"

"झाकण नाही त्याला."

"सापडतं. डबा गेला की हमखास सापडतं. तोवर माझ्याकडे राहू दे."

खरे सांगायचे तर मला तेव्हा हसू येत नव्हते. काकूंचे घर लखलखीत असते, कारण त्यांचे जुने शिवणयंत्र आणि नातवाची तीनचाकी सायकल गेली चार वर्षे आमच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये नांदत आहे. आग लागली तर जिन्यापर्यंत त्या सायकलवर बसूनच जावे लागेल, हे मी सोसायटीच्या सभेत दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा इतिवृत्तात "पार्किंगविषयी चर्चा झाली" एवढेच आले. मुलांना खेळायला जागा नाही, माणसांना चालायला जागा नाही. शिवणयंत्राला मात्र आहे, आणि त्यावर कुंडीही आहे.

रद्दीवाला आला, काकूंचे वाचन संपेपर्यंत अर्धा तास ताटकळला आणि अखेर नुसते पेपर तोलून, एकशे अठरा रुपये हातावर टेकवून निघून गेला. तांब्यासह सारी भांडी मी पुन्हा माळ्यावर चढवली. काकू डबा घेऊन गेल्या.

झाकण रात्री सापडले. ते कणकेच्या डब्यावर कित्येक वर्षे बसलेले होते, आणि घट्ट बसत नाही म्हणून आम्ही बिचाऱ्या त्या डब्यालाच बोल लावत होतो. ते काकूंना नेऊन देणे शेजारधर्माला धरून झाले असते. कणकेवर मी आता ताटली झाकतो. झाकण माळ्यावर, लग्नाच्या कॅसेटशेजारी ठेवून दिले आहे.