कृपया हात नीट वर करा

महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ यांतला नियम १२ दिसायला अगदी गरीब आहे. उपविधी म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम; त्यांच्या दुरुस्तीचा ठराव सभेला हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी किमान दोन तृतीयांशांनी मंजूर करावा, एवढंच तो म्हणतो. ज्याने तो लिहिला त्याने पार्किंगमध्ये भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्यांवर भरलेली सोसायटीची सभा पाहिलेली नसावी, असं माझं सेक्रेटरी जमातीतर्फे नम्र मत आहे.

कारण यातला एकेक शब्द भांडायला उठतो. 'हजर' म्हणजे कोण? रजिस्टरमध्ये सही केली, वडा घेतला आणि 'गॅसवर दूध ठेवलंय' म्हणत लिफ्टमध्ये शिरला, तो सहीपुरता हजर असतो. त्यामुळे वहीत ३१ सह्या आणि मतदानाच्या वेळी समोर २४ डोकी. त्यातले तिघं 'आपल्याला कशाला वाईटपणा' म्हणून हात मांडीखाली दाबून बसतात. ते मत देत नाहीत, म्हणून हिशेबातून बाद. राहिले २१, त्यांचे दोन तृतीयांश १४. चौदावा हात वर आला तर ठराव पास, तेरावर अडला तर गेला. मत देणारे २२ असते तर उत्तर १४.६६ आलं असतं, आणि पूर्णांकाखालच्या माणसाला हात नसल्यामुळे १५ लागले असते. तरी कुणीतरी सुशिक्षित उभं राहून विचारतंच, "अहो, पण आपले फ्लॅट ६४, मग ४३ नकोत का?" नकोत. घरी टीव्ही बघणाऱ्यांना या भागाकारात जागा नाही.

मग हात मोजायचे. एकाच घरातले दोघं शेजारी बसून दोन हात वर करतात. फ्लॅट एक, मत एक. एकाचा हात मोबाईल कानाला लावायला गेलेला असतो. पहिल्या मोजणीत १६, दुसरीत १३, तिसऱ्या मोजणीला लोक म्हणतात, "किती वेळ वर ठेवायचा, फ्रोझन शोल्डर आहे मला." म्हणून सांगतो, सही घेतानाच प्रत्येक फ्लॅटला नंबर लिहिलेलं एक कार्ड द्या आणि वर कार्ड करायला लावा. इतिवृत्तात बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे तीन आकडे लिहा. नुसतं 'बहुमताने मंजूर' लिहिलं की दोन तृतीयांश झाले का, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. आणि अध्यक्षांना आधीच समजावून ठेवा, की समसमान मतं पडली तर त्यांच्या निर्णायक मताचा इथे काडीचा उपयोग नाही. निम्मे म्हणजे दोन तृतीयांश नव्हेत. ते उगाच घसा खाकरून तयारीत बसलेले असतात.

मुलाने 'बाबांच्या वतीने' आणलेलं पत्र चालत नाही, कुलमुखत्यारपत्रही नाही. भाडेकरूला तर मतच नाही, मग त्याचा मुद्दा सगळ्यांत शहाणा का असेना. बहुतेकदा असतोच.

हे सगळं मुळात सभा भरली तर. प्रस्ताव सगळ्या सभासदांना १४ दिवस आधी कळवावा लागतो. नोटीस लावली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून मोजलेलं बरं. त्यामुळे 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या पिशवीत उपविधी दुरुस्ती कोंबता येत नाही. नोटिशीसोबत तीन रकान्यांचा तक्ता द्या: सध्याचा उपविधी, नवा उपविधी, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवला की तो सभेत लोक स्वतः भरतात, आणि कारण म्हणून तुमचंच नाव लिहितात.

गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी शासनाने दिलेला नमुना) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत जे कमी असेल ते. दहाच्या सभेला दहा वाजता चौघं असतात: सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि गळतीवाले काका. अर्धा तास थांबायचं, सभा तहकूब करायची. तहकूब सभेची वेळ नोटिशीत आधीच छापलेली असली तर त्याच दिवशी ती भरते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही. ही गंमत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे सगळे साडेदहालाच उतरतात. काका मात्र दहापासून तयार असतात. विषय उपविधीचा असो की ध्वजवंदनाचा, त्यांच्या बाथरूमचं छत पहिल्या पाच मिनिटांत येतं.

निम्म्या सूचना तर दुरुस्तीच्या नसतातच. पार्किंगची जागा फिरती ठेवायची, हे सर्वसाधारण सभेच्या साध्या ठरावाने जमतं. त्यासाठी उपविधीला हात लावू नका. उलट ज्यासाठी जोरात टाळ्या पडतात ते दुरुस्तीनेही जमत नाही. भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहिल्याबद्दलची आकारणी, २५ टक्के घ्या, असं आवेशाने मांडलं जातं. शासनाच्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. थकबाकीवरचं व्याज आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज. चक्रवाढीचा आग्रह धरणारे बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात.

ठराव पास झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी लोक अंमलबजावणी मागायला दारात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १३ म्हणतं, निबंधकांकडे (सहकार खात्याचे नोंदणी अधिकारी) नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती वैध नाही. म्हणजे सभेपासून दोन महिन्यांच्या आत उपनिबंधक कार्यालयात फाईल द्यायची: ठरावाची प्रत, जुना उपविधी आणि बदलाची कारणं, सभासदांना दिलेल्या नोटिशीची प्रत, आणि दुरुस्तीनंतरच्या मजकुराच्या चार प्रती, अधिकृत पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी. नोटिशीची प्रत हमखास राहते, कारण ती बोर्डावरून काढून कुणीतरी मागे दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. तीन प्रतींवर सह्या होतात. चौथी झेरॉक्सवाल्याकडून परत येते तेव्हा अध्यक्ष सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले असतात.