चिमटा दिसत नाही

भाच्याचा व्हिडिओ मला ताईने पाठवला नव्हता. पालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत फिरत तो इथे, इंग्लंडमध्ये, माझ्या फोनवर आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. वर्गाच्या कोपऱ्यात १५ वर्षांचा मुलगा उभा आहे. मुलं त्याला एका जाहिरातीतलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावताहेत. त्याने ते हुबेहूब म्हटलं की हशा पिकतो. तोही हसतो. शेवटी तो कानांवर हात ठेवतो आणि व्हिडिओ संपतो.

पुढचं ताईने सांगितलं. त्याने बाकावरची कंपासपेटी भिरकावली, ती एका मुलाच्या कपाळाला लागली आणि शाळेने पालकांना बोलावून घेतलं. फक्त ताईला. बाकी कुणाच्या आईवडिलांना निरोप गेला नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलं मस्करी करणारच हो. तोही हसत होता की!"

भाचा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. ताईने रात्री फोनवर मला एकच विचारलं, "तुमच्याकडे असं होत नसेल ना गं?"

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. त्यात विचारण्यापेक्षा आशाच जास्त असते, की जगात कुठेतरी तरी या मुलांना कुणी छळत नसेल. मी ११ वर्षं इथल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. ताईला "नाही होत" असं सांगता आलं नाही.

माझ्या वर्गात ९ वर्षांची एक मुलगी होती. तिला गोंगाट सहन होत नसे, म्हणून ती आवाज कमी करणारे हेडफोन घालायची. दोन मुली मधल्या सुट्टीत तिच्याशी खेळायला लागल्या. मागून हळूच यायचं, हेडफोन काढून पळायचं आणि तिने मागे धावायचं, असा तो खेळ. ती हसत हसत धावायची. मला वाटलं, चला, हिला मैत्रिणी मिळाल्या. तीन आठवडे मी हे समाधानाने बघत होते. मग एके दिवशी तिने त्यातल्या एका मुलीच्या हाताला चावा घेतला, आणि चावल्याची नोंद तिच्या नावावर झाली. ती नोंद मीच लिहिली. त्याआधीच्या तीन आठवड्यांबद्दल मी एक ओळही लिहिलेली नव्हती.

म्हणून भाच्याच्या शिक्षिकेचा मला राग आला, पण तिचं बोलणं परकं वाटलं नाही. हा छळ नेहमी असाच चालतो. चिमटा कुणाला दिसत नाही, किंकाळी मात्र सगळ्यांना ऐकू येते, आणि शिक्षा किंकाळीला होते. ज्या मुलाला आवाज, स्पर्श, अचानक झालेला बदल सोसत नाही, त्याला नेमकं काय केलं की तो फुटतो हे बाकीच्या मुलांना दोन दिवसांत कळतं. मोठ्यांना दोन वर्षांतही कळत नाही, कारण मोठे फक्त फुटल्यानंतर धावत येतात.

आणि तो हसत होता, याचं काय? आपण वापरतो तो 'स्वमग्न' हा शब्द कानाला गोड लागतो, पण दिशाभूल करतो. स्वतःतच रमलेला, आपली गरज नसलेला, असं काहीसं मनात उभं राहतं. माझ्या भाच्याला मित्र हवे असतात. इतके हवे असतात की कुणी हसलं की तो हसतो, कारण हसणाऱ्यांत सामील व्हायची तेवढीच एक रीत त्याला सापडली आहे. डॅमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: समज दोन्हीकडून तुटलेली असते. स्वमग्न माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण सर्रास म्हणतो, पण इतरांनाही त्याचं मन वाचता येत नाही, आणि हे कुणी त्यांची उणीव म्हणून लिहून ठेवत नाही. "तोही हसत होता की" हे वाक्य त्या न वाचता येण्याचाच पुरावा आहे.

इंग्लंडबद्दल सांगायचं तर लेस्टरशायरमधल्या एका आईची गोष्ट इथे अजून विसरलेली नाहीत माणसं. तिच्या १८ वर्षांच्या मुलीला बौद्धिक अपंगत्व होतं. रस्त्यावरची पोरं वर्षानुवर्षं त्यांच्या घरावर दगड मारायची, नकला करायची, दाराशी येऊन त्रास द्यायची. आईने पोलिसांना ३३ वेळा कळवलं. ऑक्टोबर २००७ मध्ये तिने मुलीला गाडीत बसवलं आणि गाडी पेटवून दिली. दोघीही गेल्या. २००९च्या न्यायचौकशीत ज्यूरीने पोलीस आणि स्थानिक प्रशासन या दोघांच्याही ढिलाईवर बोट ठेवलं. प्रत्येक तक्रार सुटी सुटी, पोरांचा किरकोळ उपद्रव म्हणून धरली गेली होती. एका अपंग मुलीमुळे एका घराला लक्ष्य केलं जातंय, अशी ती सगळी एका दोऱ्यात कुणी ओवलीच नव्हती.

तर, होतं इथेही. मला दोन्हीकडचा फरक दिसतो तो एवढाच की इथे ३३ हा आकडा तरी होता. त्या ३३ नोंदी होत्या म्हणून मेल्यानंतर का होईना, जाब विचारता आला. अपंगत्वावरून केलेला गुन्हा इथे द्वेषगुन्हा म्हणून वेगळा मोजतात, दर वर्षी त्याचे आकडे जाहीर होतात, आणि आकसाने गुन्हा केल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा वाढवावी अशी तरतूद २००३च्या फौजदारी न्याय कायद्यात आली. खटल्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं, हेही खरं. पण मोजतात.

आपल्याकडचा कायदा कमकुवत नाही, उलट कागदावर तो कडक आहे. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यात ती आली. त्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीला चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने हेतुपुरस्सर डिवचलं किंवा धमकावलं तर किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. कलम ७ नुसार छळ होतोय हे कुणाच्याही लक्षात आलं तर त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. वर्गमित्रांना तुरुंगात घाला असं मी अजिबात म्हणत नाही, तीही मुलंच आहेत. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल उघडून बघा. महिला, बालकं, ज्येष्ठ नागरिक, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांच्यावरच्या गुन्ह्यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. अपंगांवरच्या गुन्ह्यांचं नाही. जे मोजलंच जात नाही ते वाढलं की घटलं, यावर वाद तरी कसा घालायचा?

वाद मात्र जोरात चालू असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही विनोदवीरांना अपंगांची थट्टा केल्याबद्दल जाहीर माफी मागायला सांगितलं, तेव्हा घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच चर्चा होती: आता विनोदही करायचा नाही का? खरं तर त्याआधी जुलै २०२४च्या एका निकालात याच न्यायालयाने नीट फरक करून दिला होता. अपंगत्वाकडे बघायची आपली जुनी नजर बदलणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा. हा फरक मला पटतो. पण मंचावरच्या पाच-सहा जणांवर एवढं बोलणाऱ्या ग्रुपवरच भाच्याचा व्हिडिओ आला, तेव्हा खाली तीन हसरे चेहरे उमटले आणि पुढे कुणीतरी सुप्रभात पाठवलं. मी ते बघितलं आणि माझी झोप उडाली.

आपल्याकडे म्हणतात, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. लहानपणापासून मी ही म्हण दळणाऱ्याच्या गलथानपणाबद्दल ऐकत आले. त्या घरात डोळस माणसं नव्हती का, आणि दार उघडं कुणी ठेवलं, हे कधी कुणी विचारलं नाही.

एक सल्ला ताईला चहूकडून मिळाला, आणि देणारे सगळे प्रेमाने देत होते: "त्याला वेगळ्या शाळेत घाल. तिथे त्याच्यासारखीच मुलं असतात, कुणी त्रास देणार नाही." काही मुलांना वेगळी शाळा खरोखर मानवते. शांत वर्ग, प्रशिक्षित शिक्षक, कमी मुलं, हे सगळं मोलाचं आहे. पण 'त्रास होऊ नये म्हणून वेगळं काढणं' हे कारण मला घाबरवतं. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं २४ खाटांचं खासगी रुग्णालय होतं. स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठीच बांधलेलं. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३५०० पौंड सरकारी तिजोरीतून जायचे. तिथल्या एका नर्सने छळाची तक्रार केली, ती वर कुणी मनावर घेतली नाही. मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण दाखवलं. कर्मचारी रुग्णांना थपडा मारताहेत, केस धरून ओढताहेत, कपड्यांसकट गार पाण्याखाली धरताहेत. ११ जणांवर गुन्हे सिद्ध झाले, ६ जण तुरुंगात गेले. रुग्णालयात विनाकारण अडकलेल्या अशा सगळ्यांना जून २०१४ पर्यंत बाहेर, वस्तीत आणू, असं सरकारने वचन दिलं. ती तारीख उलटून गेली आणि त्यानंतरही दोन हजारांच्या आसपास माणसं आतच राहिली.

तिथे 'सगळी त्याच्यासारखीच' होती. दार बंद होतं, आणि बाहेरचं कुणी रोज आत डोकावत नव्हतं. भाच्याच्या वर्गात निदान ४० मुलं आहेत, त्यातल्या एका मुलीने संध्याकाळी ताईला फोन करून खरं काय घडलं ते सांगितलं.

माझ्या वर्गातल्या त्या हेडफोनवाल्या मुलीचं पुढे काय झालं? मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि माझ्याच नोंदीच्या खाली तीन आठवड्यांची हकीकत आठवून लिहिली. लाज वाटत होती लिहिताना. त्या दोन मुलींशी बोलणं झालं, त्यांना खरोखरच तो खेळ वाटत होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. चावल्याचा शेरा मात्र तिच्या नावावर एकटा राहिला नाही.

ताईला मी तेच सांगितलं: लिहून दे. तोंडी बोलू नकोस, फोनवर बोलू नकोस. भावजींना ते पटलं नव्हतं. "शाळा दाखला हातात देईल," असं ते म्हणत होते, आणि ही भीती खोटी नाही. मग आम्ही भाच्यालाच विचारलं. त्याच्याकडे एक वही असते, बसच्या वेळांची. कुठली बस किती मिनिटं उशिरा आली, हे तो रोज लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर सापडलं: तारीख, वेळ, कुठे, कोण, काय म्हणाले. जूनपासूनचं. त्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून त्याने दाखवलंही नव्हतं.

अर्जाला त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. सोमवारी ताई शाळेत गेली, एक प्रत दिली आणि दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन आली. भाचा बरोबर गेला होता. मुख्याध्यापकांनी ताईला विचारलं, "हे सगळं याला कळत होतं?" ताई म्हणाली, "तो इथेच बसलाय सर, त्याला विचारा." त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "चौथ्या पानावर एक वेळ चुकली आहे, १०:४० नाही, १०:४५."